मिरजेतलं फोर-डी सीटी : अण्णांच्या श्वासाचा हिशोब

आमचे अण्णा एकाहत्तर वर्षांचे. तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग, चाळीस वर्षं ओढलेली बिडी आणि पाच वर्षांपूर्वी हृदयात बसवलेला स्टेंट. मागच्या वर्षी उजव्या फुप्फुसाच्या तळाशी, श्वासपटलाला जवळजवळ टेकलेली अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. बायोप्सीत कॅन्सर आला. दम इतका कमी की ऑपरेशन झेपणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी एसबीआरटी सुचवलं. यात रेडिएशनच्या बैठका मोजक्याच असतात, पण प्रत्येक बैठकीत डोस मोठा असतो. नेम चुकला तर नुकसानही तेवढंच मोठं.

आमच्या गावच्या डॉक्टरांनी मला चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहून दिला होता : ‘श्वासाबरोबर गाठ किती हलते, हे मोजणार का?’ पहिल्या ठिकाणी हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर मिळालं, “साध्या सीटीवर होतं सगळं, आजूबाजूला जास्त जागा धरतो आम्ही.” जास्त जागा म्हणजे अण्णांचं चांगलं फुप्फुस. आधीच ते किती उरलंय! मी फाईल उचलली आणि दुसऱ्या आठवड्यात मिरजेला आलो. तिथे झालेल्या फोर-डी सीटीबद्दल, म्हणजे श्वासाबरोबर गाठ कशी हलते ते दाखवणाऱ्या स्कॅनबद्दल, हे लिहितोय, कारण आमच्या भागातून रोज कुणी ना कुणी याच कामासाठी मिरजेची गाडी पकडतं.

आधी तक्रार सांगतो. फोनवर काउंटरने सांगितलं, उपाशीपोटी या. अण्णांना साखरेचा त्रास. पहाटे घरातून निघाले, साडेअकरापर्यंत पोटात चहासुद्धा नाही, हात थरथरायला लागले. आत गेल्यावर कळलं की त्यांना शिरेतून औषध द्यायचंच नव्हतं, उपाशी राहायची काही गरज नव्हती. टेक्निशियन मॅडमनीच बिस्किटं मागवली आणि अर्धा तास थांबवलं. फोर-डीचे पैसे प्लॅनिंगच्या, म्हणजे रेडिएशनच्या आखणीच्या, रकमेत धरलेले नाहीत, हेही आयत्या वेळी कळलं. या दोन्ही गोष्टी फोनवर नीट सांगता आल्या असत्या.

आतलं काम मात्र बघण्यासारखं होतं.

अण्णांना बारीक मणी भरलेल्या एका मऊ गादीवर झोपवलं, हात डोक्यावर घ्यायला लावले आणि गादीतली हवा ओढून घेतली. गादी त्यांच्या पाठीच्या आकाराची कडक झाली. रोज याच साच्यात झोपायचं. छातीवर सुईने तीन बारीक ठिपके गोंदले. मग बरगड्या आणि बेंबीच्या मधे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, हलकी प्लास्टिकची डबी ठेवली. तिच्यावर चमकणारे ठिपके, आणि समोरच्या कॅमेऱ्याचं लक्ष त्या ठिपक्यांवर. पोट वर आलं की डबी वर, खाली गेलं की खाली, आणि काचेपलीकडच्या स्क्रीनवर त्याची लाट उमटते. मी ती लाट बघत उभा होतो. वडिलांचा श्वास असा रेघेत काढलेला मी पहिल्यांदा पाहिला.

रेघ वेडीवाकडी होती. “आजोबा, नेहमीसारखा श्वास घ्या,” म्हटलं की माणूस नेहमीसारखा श्वास घेऊच शकत नाही. अण्णा एकदा खोल ओढायचे, एकदा अर्धवट सोडायचे, मधेच धरून ठेवायचे. तरीही मशीन चालू केलं आणि बरोबर मधे खोकल्याची उबळ आली. रेडिएशनची आखणी आणि मोजमाप बघणाऱ्या फिजिसिस्टनी मला ते चित्र दाखवलं. श्वासपटलाची कमान गुळगुळीत दिसायला हवी, तिथे पायऱ्या पडल्या होत्या, जणू फोटो कापून वर-खाली चिकटवलाय. ते म्हणाले, “हे वापरायचं नाही. गाठ तुटक दिसतेय, यावर प्लॅन केला तर आपणच फसू.” गर्दीच्या दिवशी हे म्हणायला मन मोठं लागतं, कारण बाहेर सहा पेशंट बसले होते.

मग मॅडम आत गेल्या. स्टूल ओढून अण्णांच्या डोक्याशी बसल्या आणि बागेचं विचारायला लागल्या. छाटणी कधी केली, वाण कुठला, एका ओळीत झाडं किती. अण्णांनी सगळं सांगितलं. “आता बोलू नका आजोबा, डोळे मिटा आणि मनात त्या ओळीतनं सावकाश चाला,” एवढं म्हणून त्या बाहेर आल्या. दोन मिनिटांत रेघ अशी सरळसोट झाली की एक लाट दुसऱ्या लाटेवर ठेवावी. त्यावर दुसरं स्कॅन झालं. प्रत्यक्ष स्कॅन काही मिनिटांचंच, पण आम्ही त्या खोलीत तासभर होतो.

साध्या सीटीत मशीन भराभर पुढे जातं, गाठ श्वासाच्या ज्या टप्प्यावर असेल तिथेच ती टिपली जाते. फोर-डीमध्ये छातीच्या प्रत्येक भागाची चित्रं पूर्ण एक श्वास होईपर्यंत घेत राहतात आणि नंतर त्या लाटेशी जुळवून श्वासाच्या दहा टप्प्यांचे दहा वेगळे सीटी तयार करतात. ते एकामागून एक फिरवले की गाठ हलताना दिसते. अण्णांची गाठ वर-खाली १४ मिलिमीटर सरकत होती. पुढे-मागे अगदी थोडी, बाजूला जवळजवळ नाहीच. फुप्फुसाच्या तळाच्या गाठी श्वासपटलाबरोबर जास्त हलतात, शेंड्याकडच्या कमी. ५ मिलिमीटरच्या वर हालचाल असेल तर तिचा वेगळा विचार करावा, असं अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने २००६ सालीच सांगून ठेवलंय, हेही तिथेच कळलं.

श्वास धरून रेडिएशन घेता येतं का, तेही तपासलं. अण्णांना दहा सेकंदसुद्धा जमेना. मग गाठ श्वासाबरोबर जिथे जिथे जाते तो सगळा पट्टा आखून त्यावर उपचार करायचं ठरलं. हे आखताना सगळे टप्पे एकत्र करून प्रत्येक जागेचा सगळ्यात उजळ ठिपका दाखवणारं एक चित्र वापरतात. पण गाठ श्वासपटलाशेजारी असेल तर खालचं यकृतही तितकंच उजळ दिसतं आणि गाठीची कडा त्यात बुडते. म्हणून डॉक्टरांनी दहाही टप्पे एकेक करून तपासले. मी विचारलं नसतं तरी त्यांनी ते केलंच असतं. पण विचारल्यावर मला शेजारी बसवून दाखवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

साध्या सीटीपेक्षा या स्कॅनमध्ये क्ष-किरण जास्त लागतात, आणि आमचं तर दोनदा झालं. पुढे जो उपचार होणार होता त्याच्या मानाने हे फार थोडं, असं त्यांनी समजावलं आणि मला ते पटलं.

जाणाऱ्यांनी खोकल्याचं औषध आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं. खांदा दुखत असेल तर आधी सांगावं, कारण अण्णांचा डावा हात अर्ध्या तासात बधिर झाला होता आणि ते भिडेपोटी गप्प राहिले. उपाशी यायचं का, हे काउंटरला न विचारता आत टेक्निशियनला विचारावं. घरी चार दिवस रोज दहा मिनिटं उताणं झोपून, हात वर घेऊन, शांत श्वासाचा सराव करावा.

अण्णांच्या पाचही बैठका झाल्या. दर वेळी आधी मशीनवरच छोटं सीटी काढून गाठ त्या आखलेल्या पट्ट्यात आहे ना, हे बघायचे. शेवटच्या दिवशी अण्णांनी मॅडमसाठी बेदाण्याची पिशवी नेली होती. त्या सुट्टीवर होत्या, म्हणून काउंटरवर नाव लिहून ठेवली. पहिलं तपासणीचं सीटी पुढच्या महिन्यात आहे.