सिमेंटवर चाललेले यंत्र काळ्या मातीत बसले : लीद उचलण्याच्या यंत्रापायी गेलेले 1,65,000 रुपये

मोर्शी तालुक्यात आमचे वावर आहे. त्याच्या एका कडेला तारेचे कुंपण घालून दीड एकराचे आवार राखले आहे, आणि लग्नसराईत वरातीला जाणारी आमची नऊ घोडी एरवी तिथे मोकळी असतात. एक मोठे जनावर दिवसाला साधारण पंधरा ते वीस किलो लीद टाकते, म्हणजे नऊ जनावरांची दीडशे किलोच्या पुढे जाते. ती वेळच्या वेळी उचलली नाही तर घोडी त्या जागेच्या आसपासच्या गवताला तोंड लावत नाहीत, त्यामुळे दीड एकराचे चरण्यापुरते एकच एकर उरते. त्याहून वाईट म्हणजे लिदीतल्या जंतांच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या पावसाळ्याच्या उबेत आणि ओलीत आठवड्याभरातच गवताच्या पात्यांवर चढतात आणि चाऱ्याबरोबर पुन्हा पोटात जातात. म्हणून निदान आठवड्यातून दोनदा तरी सगळे आवार साफ झाले पाहिजे, असे आमचे पशुवैद्य सांगत आले आहेत.

हे काम फावडे, घमेले आणि दोन माणसे यांच्यावर चालायचे. अडचण येते ती कापसाच्या वेचणीला. दिवाळीच्या सुमारास वेचणी लागली की किलोवर मजुरी मिळत असताना लीद उचलायला कोण येणार? त्या दिवसांत आमचा सालगडी आणि मी असे दोघेच राहतो, आणि लग्नाच्या तारखाही तेव्हाच सुरू होतात. एका कृषी प्रदर्शनात लीद ओढून घेणाऱ्या यंत्राचे चलचित्र पाहिले तेव्हा मी त्या मंडपासमोरून हललो नाही, त्याचे कारण हे.

यंत्राची कल्पना खोटी नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. परदेशात अशी यंत्रे वापरात आहेत. काहींत इंजिनावर फिरणारा पंखा हवा ओढतो आणि जाड नळीतून लीद मागच्या पेटीत येऊन पडते, तर काहींत फिरते ब्रश लीद झाडून पेटीत टाकतात. लहान ट्रॅक्टरमागे जोडून ती दाट, कापलेल्या गवताच्या घट्ट जमिनीवर फिरवली जातात. मंडपात दाखवलेले चलचित्र तशाच हिरव्यागार मैदानाचे होते. त्यात दिसणारे यंत्र आणि समोर ठेवलेले यंत्र यांचा रंग सोडला तर फारसा संबंध नव्हता, पण हे माझ्या ध्यानात यायला चार महिने लागले.

सप्टेंबरच्या अखेरीस मी सालगड्याला बरोबर घेऊन विक्रेत्याच्या शेडवर गेलो. शेड एका मोठ्या शहराबाहेर हमरस्त्याला लागून होती. आतल्या सिमेंटच्या जमिनीवर आधीच लीद पसरून ठेवली होती. यंत्र सुरू होताच सहा इंची नळीने ती एका मिनिटात ओढून घेतली आणि विक्रेता म्हणाला, “काकाजी, पाहा, झाडूसुद्धा लागला नाही.” सालगडी वाकून एक गोळा बोटांनी चुरत होता, तो भुश्यासारखा उडाला. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “मालक, हे वायली लीद व्हय. थे बी सिमीटावर. आपल्या काया मातीत काय करन थे?” मी त्याला गप्प केले. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी लाज मला त्या एका क्षणाची वाटते, कारण पुढे जे जे झाले ते त्याने फाटकाबाहेर उभे राहून दोन वाक्यांत सांगून टाकले होते.

ताज्या लिदीत पाऊण भाग पाणीच असते. वाळलेला गोळा हलका असतो, त्यामुळे हवेच्या थोड्याशा ओढीनेही उचलला जातो. ओला गोळा उचलायला नळीतल्या हवेचा वेग कितीतरी जास्त लागतो आणि तो वेग इंजिनाच्या ताकदीवर आणि पंख्याच्या घडणीवर अवलंबून असतो. नळी जाड दिसली की यंत्र ताकदवान वाटते, पण इंजिन लहान असेल तर जाड नळीत हवेचा वेग उलट कमी पडतो. हा हिशेब मला पैसे गेल्यावर कळला.

मग अनुदानाचे बोलणे निघाले. यंत्राची किंमत 1,65,000 रुपये, पण त्यातले निम्मे सरकारकडून परत मिळतील, अर्ज आम्हीच भरून देऊ, फक्त आधी खरेदी दाखवावी लागते, असे विक्रेत्याने सांगितले. हे धादांत खोटे होते. कृषी यांत्रिकीकरणासाठी महाडीबीटीच्या पोर्टलवर शेतकऱ्याने स्वतः अर्ज करायचा असतो. निवड झाल्यावर पूर्वसंमती मिळते, त्यानंतर खरेदी करायची असते, मग तपासणी होते आणि शेवटी अनुदानाची रक्कम थेट बँक खात्यात येते. पूर्वसंमतीच्या आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही, त्यामुळे ते यंत्र यादीत आहे की नाही, हा प्रश्नच पुढे उरत नाही. तालुक्याच्या कृषी कार्यालयात ही माहिती मला पाच मिनिटांत आणि फुकट मिळाली, मात्र मी तिथे गेलो तो यंत्र घरी आल्यावर.

आगाऊ रक्कम म्हणून 70,000 रुपये मी विक्रेत्याने दिलेल्या खात्यात भरले. ते खाते दुकानाच्या नावाचे नव्हते, एका व्यक्तीचे बचत खाते होते. कारण विचारले तेव्हा दुकानाच्या खात्याची मर्यादा संपली आहे असे उत्तर मिळाले आणि ते मी मानून घेतले. टेम्पो ठरलेल्या दिवशी दुपारी यायचा होता, तो आला रात्री आठला. उरलेले 95,000 रोख हातात पडल्याशिवाय यंत्र उतरवायचे नाही, असे मालकाने बजावले आहे, हे चालकाने सांगितले. आवारात दिवा नव्हता आणि चालक परत जाण्याच्या घाईत होता. घरात ठेवलेले वरातीच्या विसाराचे पैसे मी मोजून दिले आणि त्याने दिलेला कागद न वाचता घडी करून खिशात ठेवला. रात्री उशिरा येणे हा योगायोग नसावा, असे आता वाटते.

सकाळी आवारात यंत्र लावले. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता आणि आमची काळी माती ओली असली की चालणाऱ्याची चप्पलसुद्धा सोडत नाही. दहा मिनिटांत नळीच्या वळणावर लीद, माती आणि गवताची मुळे यांचा गोळा अडकला. तो काठीने काढला, पुन्हा लावले, पुन्हा अडकला. यंत्राची चाके वीतभर रुतली. दोन तासांत लीद गोळा करण्यापेक्षा जास्त वेळ नळी धुण्यातच गेला.

फोन केल्यावर “ओल आहे, जमीन वाळू द्या” असे उत्तर आले आणि ते पटण्यासारखे होते, म्हणून थांबलो. डिसेंबरात जमीन वाळली तेव्हा यंत्र थोडेफार चालले खरे, पण आमच्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते पंख्यावर आपटून चौथ्या दिवशी पाती वाकली. “पंखा झिजणारा भाग आहे, त्याला वॉरंटी नाही.” हे दुसरे उत्तर. जानेवारीत गावातल्या मेकॅनिकने इंजिनावरचा साडेसहा अश्वशक्तीचा स्टिकर नखाने उचलला, तेव्हा त्याखाली धातूतच उठवलेला 98 सीसी हा आकडा निघाला. त्या जातीच्या साडेसहा अश्वशक्तीच्या इंजिनाला साधारण 196 सीसी लागतात. हे त्याच्या निम्मे, म्हणजे फार तर तीन अश्वशक्तीचे होते. त्यानंतर केलेल्या फोनवर पलीकडून “कोण बोलता?” एवढेच विचारले गेले.

तेव्हा कुठे मी तो कागद उघडला. त्यावर यंत्राचे नावच नव्हते, “फवारणी संच व सुटे भाग” असे लिहिले होते आणि रक्कम फक्त 70,000 होती. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा आणि 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, दिसायला बरोबर होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहिला तर दुसऱ्याच व्यवसायाचे नाव आणि नोंदणी रद्द झाल्याची नोंद समोर आली. हा क्रमांक तपासायला कोणाची ओळख किंवा पैसे लागत नाहीत, विसार देण्याआधी मोबाइलवरच ते पाहता आले असते.

पोलिस ठाण्यात हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे ठरवून परत पाठवण्यात आले. ग्राहक आयोगाची वाट मोकळी होती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी तक्रार दाखल केली आहे. समोरच्या बाजूचे म्हणणे असे की घोडी भाड्याने जातात, म्हणून ही व्यापारी खरेदी आहे आणि मी ग्राहकच नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबणाऱ्याला कायद्यात सूट आहे, आणि लगाम धरून वरातीपुढे मीच चालतो, हे आता शपथेवर सांगावे लागत आहे. रोख दिलेल्या 95,000 चा मात्र माझ्याजवळ एकही पुरावा नाही. टेम्पोचा क्रमांकसुद्धा मी टिपून घेतला नव्हता.

कोणाला असे यंत्र खरोखर घ्यायचे असेल तर त्याने विक्रेत्याला आपल्या वावरात बोलवावे, त्या दिवशीची लीद दाखवावी, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर दाखवावी आणि अर्धा दिवस यंत्र आपल्या माणसाच्या हाती द्यावे. जो या अटीला तयार होत नाही त्याच्याशी किमतीचे बोलणेच काढू नये.

आमच्याकडे सध्या लांब दातांचा पंजा आणि दोन चाकांची हातगाडी आहे. पहाटे दोघे लागलो की उन्हे चढायच्या आत आवार साफ होते, आणि शेजारचे संत्राबागवाले महिन्याला ट्रॉली भरून लीद नेतात. मे महिन्यात अर्धे आवार रिकामे ठेवून उरलेली लीद दाताळाने पसरून टाकतो, कारण त्या उन्हात आणि कोरड्या हवेत अळ्या मरतात. पावसाळ्यात तसे केले तर त्याच अळ्या सगळ्या गवतावर पसरतील.

आयोग वस्तूची तपासणी करून घेऊ शकतो, म्हणून यंत्राला आता हात लावू नका, असे वकिलांनी बजावले आहे. स्टिकर उचलल्याबद्दल ते मेकॅनिकवर चिडले होते. त्यामुळे ताडपत्रीखाली झाकलेले यंत्र तबेल्यात एका घोडीची जागा अडवून उभे आहे. त्या घोडीसाठी पावसाळ्याआधी बाहेर टिनाचे छप्पर घालावे लागणार आहे, आणि त्याचा खर्च सालगड्याने काढलाही आहे : 18,000 रुपये.