बाळ येणार आहे: आधी कर्ज फेडायचं की हाताशी पैसा ठेवायचा?

घोडबंदर रोडला किंवा ऐरोलीला नवं घर, दोघांचे पगार, गृहकर्ज चालू, लग्नासाठी काढलेलं वैयक्तिक कर्ज अजून फिटलेलं नाही, क्रेडिट कार्डावर थकबाकी आणि आता बाळाची चाहूल. महिन्याकाठी जे काही उरतं ते कर्जात घालावं की बाजूला टाकावं, यावर घरात दोन तट पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, आधी डोक्यावरचं ओझं उतरवा. ऑफिसातले म्हणतात, आधी सहा महिन्यांचा आपत्कालीन निधी करा. दोघंही सगळ्या कर्जांना एकाच मापाने मोजतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रत्येक कर्जाबाबत दोन गोष्टी विचारायच्या: व्याज किती, आणि त्यात घातलेला पैसा अडीनडीला परत हाती येतो का?

उदाहरणासाठी हे आकडे घेऊ. हातात येणारा पगार त्याचा ₹५८,०००, तिचा ₹४२,०००. गृहकर्ज ₹३५ लाख, ८.५ टक्के, २० वर्षं, म्हणजे हप्ता ₹३०,३७४. वैयक्तिक कर्जाचे ₹२.४ लाख बाकी, १४ टक्के, २४ हप्ते उरलेले, हप्ता ₹११,५२३. घरखर्च, सोसायटीचा मेंटेनन्स, लोकलचा पास, गावी पाठवायचे पैसे मिळून ₹४०,०००. शिल्लक महिन्याला सुमारे ₹१८,०००. कार्डावर ₹८०,००० थकलेले. बाळंतपणाला सात महिने.

तीन वाटा, सात महिन्यांनंतरचा हिशेब

कार्डाचं व्याज महिना ३.५ टक्के धरलं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, तर दर महिन्याला ४.१३ टक्के लागतात. पहिल्याच महिन्यात ₹३,३०४ नुसते व्याज-करात जातात.

| वाट | हातातली रोख | उरलेलं कर्ज | गेलेलं व्याज |
|---|---|---|---|
| पूर्ण ₹१८,००० आधी कार्डात | ₹३५,८०० | शून्य | ₹१०,२०० |
| कार्डावर फक्त ₹४,०००, बाकी बचत | ₹९९,५०० | ₹७४,५०० | ₹२२,५०० |
| सोनेतारण कर्जाने कार्ड मिटवून बाकी बचत | ₹१,२३,००० | ₹८०,००० | ₹४,७०० |

(बचतीवर ६ टक्के आणि सोनेतारणावर १० टक्के धरले आहेत. सोन्याच्या मूल्यांकनाचा आणि प्रक्रियेचा किरकोळ खर्च वेगळा. वैयक्तिक आणि गृहकर्जाचे हप्ते तिन्ही वाटांत नेहमीप्रमाणे चालू.)

दुसरी वाट सगळ्यात महाग, आणि तरीही बहुतेक जण नकळत तीच धरतात. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलात लिहिलेली किमान रक्कम, भरली की हप्ता चुकल्याचा शेरा येत नाही म्हणून कार्ड सांभाळलं असं वाटतं. प्रत्यक्षात सात महिन्यांत ₹२८,००० भरून मुद्दल जेमतेम साडेपाच हजारांनी उतरतं. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. काल घेतलेल्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चढतं.

पहिली वाट नीटनेटकी दिसते. अडचण बाळंतपणानंतर येते, कारण पाचवा महिना सरता सरता कार्ड फिटतं आणि रोख जमवायला दोनच महिने उरतात. रुग्णालयातून अनामत मागितली की तेच कार्ड पुन्हा बाहेर निघतं.

तिसरी वाट आम्हाला बरी वाटते, पण तिच्या अटी आहेत. बँक दागिन्यांच्या घडणावळीचे आणि खड्यांचे पैसे धरत नाही, फक्त सोन्याचं वजन आणि कस बघते. किमतीच्या ७५ टक्के कर्ज धरून चाललात तर ₹८०,००० साठी सुमारे ₹१,०७,००० किमतीचं सोनं ठेवावं लागेल. व्याज दर महिन्याला भरायचा पर्याय घ्या. वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज एकदम भरायच्या योजनेत मधले बारा महिने कुणाला आठवण राहत नाही, आणि थकलं की नोटीस येऊन लिलावापर्यंत जातं. कार्ड मिटलं त्याच दिवशी त्याची मर्यादा ₹२०-२५ हजारांवर आणून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत सोनेही तारण आणि कार्डही भरलेलं, अशी गत होते. डोहाळजेवणाला घालायचे दागिने मात्र तारण ठेवू नका; तो कार्यक्रम सातव्या महिन्यात येतो आणि चार नातेवाईक नेमकी त्याच पाटल्यांची चौकशी करतात.

घरात तारण ठेवण्याजोगं सोनं नसेल तर कार्ड कंपनीकडून थकबाकीचे हप्ते करून घ्या. व्याज सोनेतारणापेक्षा जास्त लागेल, पण महिना साडेतीन टक्क्यांपेक्षा ते बरंच कमी असतं. ऑफिसच्या पगारदार पतसंस्थेचं कर्जही चालेल. तिथे हप्ता पगारातूनच कापला जातो.

तिची रजा पगारी आहे की नाही

वरच्या तक्त्यापेक्षाही याच प्रश्नावर उत्तर फिरतं. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. अट अशी की आधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं. ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळात) असलेल्यांना, म्हणजे महिना ₹२१,००० पर्यंत वेतन असलेल्यांना, हा लाभ महामंडळाकडून मिळतो. नुकतीच नोकरी बदलली असेल तर ८० दिवसांचा हिशेब आजच मोजा. फ्रीलान्स, शिकवण्या किंवा घरगुती व्यवसाय असेल तर रजेचा पगार शून्य धरूनच चाला.

आपल्या उदाहरणात महिन्याचा ठरलेला खर्च सुमारे ₹८२,००० आहे. रजा पगारी असेल तर सहा महिने विशेष ताण नाही. बिनपगारी असेल तर एका पगारातून दर महिन्याला ₹२४,००० कमी पडतात, सहा महिन्यांत ₹१,४४,०००. त्यापुढे पहिल्या वाटेचे ₹३५,८०० दीड महिन्यात संपतात. तिसऱ्या वाटेचे ₹१,२३,००० पाच महिने पुरतात, तेही रुग्णालयाचं बिल धरलं नाही तर. म्हणून रजा बिनपगारी असेल तर कार्ड स्वस्त कर्जात वळवल्यावर उरलेला प्रत्येक रुपया साठवा. पगारी असेल तर बाळंतपणानंतर वैयक्तिक कर्जाकडे थोडं लक्ष देता येतं.

रजा संपल्यानंतर पाळणाघराचा खर्च उभा राहतो. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. महापे, ऐरोली, वागळे इस्टेटच्या कंपन्यांत असाल तर एचआरला लेखी विचारा. पुष्कळांना हा हक्क आहे हेच माहीत नसतं.

रुग्णालयासाठी किती रोख?

ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत प्रसूतीची मर्यादा साधारण ₹५० ते ७५ हजार असते, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या मध्यम खासगी रुग्णालयात सिझेरियनचं बिल लाखाच्या पलीकडे सहज जातं. खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली की विमा कंपनी बिलातले इतर खर्चही त्याच प्रमाणात कापते. म्हणजे दिवसाला हजार रुपये महाग खोली घेतल्याचा फटका डॉक्टरांच्या फीपर्यंत जातो. वैयक्तिक पॉलिसी आता घेतली तर या बाळंतपणाला उपयोग नाही, कारण प्रसूतीची प्रतीक्षा मुदत बहुतेक ठिकाणी दोन ते चार वर्षांची असते.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पैशाचं गणित इथेच पुष्कळदा चुकतं. सातारा, चिपळूण, जळगाव, कुठेही असो, तिथलं डॉक्टरांचं प्रसूतिगृह कॅशलेस यादीत नसण्याची शक्यता मोठी. तिथे संपूर्ण बिल आधी खिशातून भरायचं, मग मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट पाठवून दावा करायचा. पैसे यायला काही आठवडे लागतात. बिलावर रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक नसला किंवा पावती साध्या कागदावर असली तर दावा अडकतो. म्हणून माहेरी जायचं असेल तर विमा धरू नका, अख्ख्या बिलाएवढी रोख बाजूला ठेवा. इथेच करायचं असेल तर अंदाजित बिल वजा पॉलिसीची मर्यादा, आणि वर बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर त्यासाठी निदान ₹५०,०००.

हात फारच आखडलेला असेल तर महापालिकेची रुग्णालयं विचारात घ्या. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरूळ आणि ऐरोलीची महापालिकेची रुग्णालयं आहेत. गर्दी असते, पण नाव पहिल्या तिमाहीतच नोंदवलं तर तपासण्याही तिथेच होतात. कर्ज काढून खासगीत जाण्यापेक्षा हा पर्याय कमी प्रतीचा मानायचं कारण नाही.

गृहकर्ज: मोह मोठा, घाई नको

₹१ लाख आज गृहकर्जात भरले आणि हप्ता तोच ठेवला तर मुदत जवळजवळ १७ हप्त्यांनी कमी होते, म्हणजे पुढे भरायचे पाच लाखांहून थोडे जास्त वाचतात. आकडा पाहून हात शिवशिवतात. पण भरलेला लाख बँक परत देत नाही. टॉप अप, म्हणजे त्याच गृहकर्जावर वाढीव कर्ज, मागायला जाल तेव्हा तिचा पगार बंद असेल तर मंजुरी अवघड. तरत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व भरणा शुल्क लागत नाही, त्यामुळे हे काम वर्षभराने केलं तरी चालतं. ओव्हरड्राफ्ट खात्याला जोडलेलं गृहकर्ज असेल तर गोष्ट वेगळी: तिथे ठेवलेला पैसा व्याजही वाचवतो आणि काढताही येतो. अशा खात्यात आपत्कालीन निधी ठेवणं सगळ्यात उत्तम.

त्याऐवजी बँकेत जाऊन दर तपासा. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. जुनं कर्ज एमसीएलआरवर (बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावर ठरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या दरावर) असेल किंवा दर अजून साडेआठच्या आसपास असेल, तर दर उतरवायचा अर्ज द्या. थोडं बदलशुल्क लागतं. दर कमी झाला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात. बाळाच्या पहिल्या वर्षात उलट हवं असतं, तर हप्ता कमी करा असं लेखी मागा.

'कर वाचतो म्हणून कर्ज ठेवा' हा सल्लाही आता जुना झाला. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावट नाही, आणि या उदाहरणातल्या पगारांवर तिथे तसाही कर लागत नाही.

उलवे किंवा तळोज्याकडे बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर भाडं आणि प्री-ईएमआय (ताबा मिळेपर्यंत भरायचं नुसतं व्याज) दोन्ही चालू असतात, ताब्याच्या वेळी मेंटेनन्सची आगाऊ रक्कम एकदम मागितली जाते. तिथे बचतच आधी, दुसरा विचार नको.

वैयक्तिक कर्ज

२४ हप्त्यांत अजून सुमारे ₹३६,५०० व्याज जाणार आहे. आज पूर्ण बंद करायचं तर ४ टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी धरून ₹११,३०० लागतील, आणि ₹२.४ लाख रोख जाईल ती वेगळीच. करारात अंशतः भरणा मोफत असेल तर बोनस आल्यावर वापरा. बाळंतपणाआधी याला हात लावू नका.

साठवलेला पैसा कुठे

एकाच मोठ्या मुदत ठेवीऐवजी ₹२५-२५ हजारांच्या चार ठेवी करा, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्यांचं व्याज बुडत नाही. ठेव विम्याचं संरक्षण प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ₹५ लाखांपर्यंत आहे, पण बँकेवर निर्बंध आले की पैसा लगेच मिळत नाही. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ₹१,००० पेक्षा जास्त काढता येत नव्हते. निधी दोन बँकांत विभागा. पतसंस्थेतल्या ठेवीला हे विमा संरक्षण नाही. भिशीत नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही, आणि सराफाच्या मासिक योजनेतून शेवटी दागिना मिळतो, रोख नाही. दोन्ही बाळंतपणाच्या निधीला निरुपयोगी.

गृहकर्जाएवढा तरी टर्म विमा दोघांच्या नावे हवा, आणि तिचा अर्ज लवकर करा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कंपन्या अनेकदा तो बाळंतपणानंतरवर ढकलतात. नात्यातल्या एजंटाने बारशाला आणलेल्या 'बालविमा' पॉलिसीला या वर्षी नम्रपणे नाही म्हणा.

मुलगी झाली तर सुकन्या समृद्धी खातं वर्षाला ₹२५० भरूनही चालू ठेवता येतं. जास्त रक्कम निधी पुरा झाल्यावर, कारण मुलगी अठरा वर्षांची किंवा दहावी पास होईपर्यंत त्यातलं काही काढता येत नाही. खात्याला जन्मदाखला लागतो, आणि जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. माहेरी बाळंतपण झालं तर दाखला तिथल्या नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा असतो, म्हणून ठाण्याला परतण्याआधी चार-पाच प्रती घेऊन ठेवा. एचआरकडे बाळाचं नाव पॉलिसीत घालायची मुदत बहुतेक ठिकाणी ३० दिवसांचीच असते.