टी-55 रणगाडा: तामिया घ्यावा की मिनीआर्ट?

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात टी-55 जवळून पाहिलेल्या पुणेकराला त्याची 1:35 प्रमाणातील प्रतिकृती करावीशी वाटली, तर त्याच्यापुढे प्रामुख्याने दोन किट येतात. जपानच्या तामियाचे टी-55ए 2002 सालचे आहे आणि आजही त्याची जोडणी उत्कृष्ट मानली जाते. या रणगाड्याची ओळख असलेले पहिल्या व दुसऱ्या चाकांमधील रुंद अंतर आणि घुमटाकार बुरुज त्यात नेमके उतरले आहेत. मात्र त्याचा ट्रॅक (चाकांभोवती फिरणारा साखळीपट्टा) लवचीक व्हिनाइलचा, अखंड पट्ट्यांचा आहे, त्यामुळे खऱ्या पोलादी ट्रॅकचा चाकांवर टेकणारा झोल त्यात आपोआप येत नाही. तो चिकटवून आणावा लागतो.

युक्रेनच्या मिनीआर्टचा मार्ग वेगळा आहे. सुटे ट्रॅकदुवे, धातूच्या पातळ पत्र्यातून कोरलेले भाग आणि काही आवृत्त्यांत इंजिनासह संपूर्ण अंतर्भाग असे वैभव तिथे मिळते, पण ते पेलण्यासाठी चिमटा, भिंग आणि भरपूर संयम हवा. झाकणे बंदच ठेवायची असतील, तर अंतर्भागाची आवृत्ती घेऊ नये, कारण ती सारी मेहनत कायमची झाकली जाते.

1971 च्या युद्धातील भारतीय टी-55 करायचा असल्यास 100 मिमीची तोफ तशीच ठेवावी, कारण 105 मिमीची तोफ नंतर बसवण्यात आली. लॅकर रंग (द्रावकात मिसळलेले, झटपट वाळणारे रंग) पुण्याच्या पावसाळी दमटपणात पांढुरके पडू शकतात, म्हणून रंगकाम कोरड्या दिवशीच करावे. पहिल्यांदा रणगाडा करणाऱ्याला मी निःशंकपणे तामियाच सुचवेन.