दिवाळीआधी गिझर खोलून साफ करून घेतला, त्या सर्व्हिसचा अनुभव

मुंबईत कसली आलीय थंडी असं म्हणणाऱ्यांनी एकदा जानेवारीत पहाटे साडेपाचला मुलुंडला यावं आणि गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या पाण्यात हात घालून बघावा. आमची बिल्डिंग पश्चिमेला, नॅशनल पार्कच्या डोंगराकडची, रात्री तिकडून जो गारवा उतरतो तो कुलाब्याच्या लोकांना कळायचा नाही, त्यांना समुद्र सांभाळतो. हवामान खात्याच्या आकड्यांतही हिवाळ्यात उपनगरातल्या सांताक्रूझचं किमान तापमान कुलाब्यापेक्षा खालीच असतं, आणि सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ डिग्री नोंदलं गेलंय. तेवढं काही दरवर्षी होत नाही, पण घरात म्हातारं माणूस आणि तान्हं बाळ असलं की पंधरा डिग्रीपण पुष्कळ होते. उत्तरेकडे लोक हिवाळ्याआधी खोल्या गरम ठेवायची सोय बघतात, आपल्याकडे सगळी भिस्त त्या बाथरूममधल्या गिझरवर.

आणि यंदा माझ्यासाठी हे नेहमीसारखं नाहीये. लेक बाळंतपणाला घरी येतेय, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख आहे. म्हणजे बाळाची आंघोळ, बाळंतिणीचं शेकणं, मालीशवाली बाई सकाळी आठला दारात, वर आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांना सहा वाजता कढत पाणी लागतंच. त्यामुळे या वर्षी गिझर कसाबसा चालतोय तर चालू दे असं म्हणून चालणार नव्हतं.

आमचा गिझर १५ लिटरचा, २००० वॅटचा, सात वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यापासूनच त्याचं तंत्र बिघडलं होतं. चाळीस मिनिटं चालू ठेवा, लाइट बंद होतो म्हणजे पाणी तापलं असं दाखवतो, आणि नळ सोडला की अर्धी बादली बरी आणि पुढचं कोमट. आधी कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला, कंपनीचं नाव देत नाही, बहुतेक ठिकाणी हाच अनुभव येतो असं शेजारणी सांगतात. दोनदा तारीख बदलून एक मुलगा आला, खालचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, टेस्टर लावला, करंट येतोय म्हणाला, झाकण लावलं. दहा मिनिटं. टाकी खोललीच नाही. मी विचारलं आतून साफ नाही का करायचं, तर म्हणाला मॅडम जुना झालाय, नवीन घ्या, नाहीतर वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घ्या मग बघू. व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. पैशांचं एवढं नाही वाटलं, पण लेकीची तारीख डोक्यात होती आणि हा माणूस मला नीट उत्तरसुद्धा देत नव्हता याचा खूप राग आला.

मग आमच्या मजल्यावरच्या काकूंनी स्टेशनजवळच्या गल्लीतल्या दुकानाचा नंबर दिला. छोटंसं दुकान आहे, मिक्सर, इस्त्री, गिझर सगळं दुरुस्त करतात, मालक साठीच्या आसपासचे, सगळे त्यांना दादाच म्हणतात. दुकानाचं नाव इथे टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हटलं, ऑक्टोबर ते डिसेंबर त्यांचा फोन थांबत नाही आणि हाताखाली एकच मुलगा आहे.

सांगितल्यापेक्षा दोन दिवस उशिरा आले, हे आधीच सांगते. पण आल्यावर जे काम केलं ते मी स्टूलवर बसून पूर्ण बघितलं.

आधी मेन स्विच बंद, प्लग काढला, आणि प्लगच मला दाखवला, एक पिन तपकिरी झालेली आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक मऊ पडलेलं. म्हणाले ताई हा अजून एक हिवाळा चालला नसता, पिन सॉकेटमध्ये सैल बसते आणि तिथेच तापते. मग खालून पाणी सोडलं. पहिलं पाणी गढूळ, चहासारखं, आणि त्याबरोबर पांढऱ्या पापड्या पडायला लागल्या, भिंतीच्या चुन्याचे पोपडे पडतात ना तशा. बादलीच्या तळाशी चांगल्या दीड-दोन वाट्या जमल्या. मी म्हटलं आपलं म्युनिसिपालिटीचं पाणी तर चांगलं असतं, तलावाचं, हे कुठून आलं. त्यांनी एक पापडी चिमटीत धरून चुरली आणि विचारलं, एप्रिल-मेमध्ये सोसायटी टँकर मागवते का? मागवते, आणि बोअरचं पाणीपण त्याच टाकीत सोडतात. तेच हे, म्हणाले. बोअरच्या पाण्यातले क्षार तापले की खाली बसतात.

पाणी तापवणारी कॉइल बाहेर काढली तेव्हा मात्र मला धक्काच बसला, चिरोट्याला सुटतात तसे पदर होते तिच्यावर, एकावर एक. आणि थर्मोस्टॅटची, म्हणजे पाणी तापलं की गिझर बंद करणाऱ्या भागाची, नळी त्याच थरात गाडलेली. म्हणजे कॉइलच्या जवळ गरम झालं की थर्मोस्टॅटला वाटतं सगळं पाणी तापलं, तो मधेच बंद करतो, थोड्या वेळाने परत चालू, असं करत वेळ जातो आणि बाकीचं पाणी नीट तापतच नाही. चाळीस मिनिटांचं कोडं तिथे सुटलं. कंपनीच्या मुलाने एवढे चार बोल्ट काढले असते तर त्यालाही दिसलं असतं.

आता रॉडबद्दल सांगते, कारण हे मला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मला वाटतं निम्म्या घरांत माहीत नसेल. टाकीच्या आत एक मॅग्नेशियमचा रॉड असतो. टाकी लोखंडाची आणि आतून काचेसारखा थर दिलेला, त्या थराला कुठे बारीक चीर गेली की पाणी लोखंड खाणार, पण हा रॉड असेल तर पाणी आधी रॉड खातं आणि टाकी वाचते. त्याचं कामच झिजायचं. नवीन रॉड माझ्या अंगठ्याएवढा जाड होता. आमचा जुना जो निघाला तो म्हणजे मधली नुसती तार आणि तिला दोन-तीन ठिकाणी चिकटलेले खडबडीत गोळे, जळून गेलेल्या उदबत्तीसारखा. दादा म्हणाले हा संपला की पुढची पाळी टाकीची, आणि टाकी गळायला लागली की मग खरंच नवीन घ्यावा लागतो. मी तो जुना रॉड हातात घेऊन बघत बसले, सात वर्षं भिंतीवरच्या टाकीत एवढंसं काहीतरी आपल्यासाठी झिजत होतं आणि आपण एकदाही बघितलं नाही.

कॉइल त्यांनी लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवली, तासभर फेस येत होता, मग ब्रशने घासली. हातोडी-स्क्रूड्रायव्हरने ठोकून काढायची नाही, वरचं कवच फुटतं आणि मग शॉक बसायची भीती, हे त्यांनी हाताखालच्या मुलाला सांगितलं, मी ऐकलं. गॅस्केट, म्हणजे पाणी गळू नये म्हणून असते ती रबरी चकती, नवीन टाकला, सेफ्टी वॉल्व बदलला. पाणी पूर्ण भरून गरम पाण्याचा नळ एकसारखा वाहायला लागल्यावरच प्लग लावला, कारण रिकाम्या टाकीत कॉइल चालू केली तर ती मिनिटांत जळते.

हिशोब असा, सर्व्हिस ६००, रॉड ३५०, गॅस्केट ८०, वॉल्व ३५०, प्लग १२०, एकूण १५०० रुपये. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात, आणि तीन महिन्यांची गॅरंटी तोंडी. ज्यांना बिल हवं असतं त्यांना हे चालणार नाही. बाथरूमच्या फरशीवर गंजाचं पाणी सांडलं तेही आम्हीच पुसलं.

पण फरक बघा. आता १८ ते २० मिनिटांत लाइट बंद होतो, आणि तेव्हा खरंच कढत पाणी असतं. दादांनीच गणित सांगितलं होतं, १५ लिटर पाणी २५ डिग्रीवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, म्हणजे २००० वॅटचा गिझर १८ मिनिटं. मी सकाळी घरातलं बाकी सगळं बंद करून मीटरवर बघितलं, जवळपास तेवढंच आलं. नरक चतुर्दशीला पहाटे पाच जणांची अभ्यंगस्नानं झाली, उटणं, तेल, मोती साबण, सगळं साग्रसंगीत, आणि कुणालाही आतून पाणी गार झालं अशी हाक मारावी लागली नाही. गेल्या वर्षी सासूबाईंसाठी गॅसवर पातेलं चढवलं होतं.

आठवड्याने वॉल्वमधून थेंब पडायला लागले. फोन केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आले. म्हणाले, पाणी तापताना फुगतं म्हणून वॉल्वच्या नळीतून थोडं ठिबकलं तर ते बरोबर आहे, तिला बूच मारायचं नाही, तोच तर सेफ्टीचा रस्ता आहे, पण आमचं आट्यातून गळत होतं. टेफ्लॉन टेप परत गुंडाळून घट्ट केलं, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

त्याच दिवशी शेगडीचा विषय निघाला, आणि खरं तर त्यासाठीच मला हे सगळं लिहावंसं वाटलं. सासूबाईंनी माळ्यावरून जुनी कोळशाची शेगडी काढून ठेवली होती, बाळाला ओव्याची धुरी आणि बाळंतिणीला शेक द्यायला. मी आधीपासून नको म्हणत होते पण सुनेचं कोण ऐकतं. दादांनी शेगडी बघितली आणि सरळ त्यांच्यासमोर खाली बसले. आजी, ही बंद खोलीत पेटवू नका. सासूबाई म्हणाल्या, माझी चार बाळंतपणं हिच्यावर झाली, काही झालं नाही कुणाला. तर दादा म्हणाले, आजी तेव्हा घराला कौलं होती, वारा कुठूनही यायचा, आता या स्लायडिंग खिडक्या, लावल्या की हवा आत नाही की बाहेर नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला नुसती झोप आल्यासारखं वाटतं, आणि ती झोप मग उतरत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरनेही हेच होतं. ते स्वतः गॅस गिझर बाथरूमच्या आत लावूनच देत नाहीत, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी, बाहेर मोकळ्या हवेत जागा असेल तर लावतो नाहीतर दुसरीकडे जा म्हणतात.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, मग शेकायचं कशाने? तर गरम पाण्याच्या पिशवीने, आणि तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडीने, धूर नको. डॉक्टरांनीही लेकीला धुरी नको असंच सांगितलंय. शेगडी परत माळ्यावर गेली.

जावई तेलवाला हीटर पाठवतो म्हणतोय, त्याबद्दलही विचारून घेतलं. त्यातलं तेल जळत नाही, ते आत सीलबंद असतं आणि नुसतं तापून बाहेरच्या पत्र्याच्या पट्ट्यांमधून ऊब देतं, म्हणून धूर-बीर काही नाही, त्या मानाने ते बरं. पण तो २००० वॅटचा असला तर साडेआठ-नऊ अँपिअर खेचतो, आणि बेडरूममधले साधे पॉइंट ६ अँपिअरचे. एक्स्टेंशन बोर्डावर तर अजिबात नाही. आमच्याकडे एसीचा पॉइंट आहे पण तो वर, हीटरची वायर तिथे पोचत नाही, आणि लोंबकळत लावायची नाही. तिथून जाड वायर खाली घेऊन १६ अँपिअरचा पॉइंट काढून देतो म्हणालेत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येणार आहेत. तो अनुभव आला की खाली लिहीन.

गिझरचं पाणी आता ६० डिग्रीवर असतं, तेव्हा ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी बादलीत आधी गार पाणी घ्या आणि मग गरम सोडा, उलट नको. बाळाच्या पाण्यात बोटं नाही तर कोपर बुडवून बघायचं, कोपराला नुसतं कोमट लागलं पाहिजे. आणि नळ सोडायच्या आधी गिझरचा स्विच बंद, हे घरातल्या प्रत्येकाला मी सांगून ठेवलंय.

ज्यांना करून घ्यायचंय त्यांनी दसऱ्याच्या आधीच एखादा असा माणूस गाठा जो टाकी खोलतो, आणि जुना रॉड हातात द्या म्हणून सांगा. नोव्हेंबरात दादा पंधरा-पंधरा दिवस मिळत नाहीत. आमच्या गिझरच्या पोटाखाली त्यांनी काळ्या मार्करने रॉड टाकल्याची तारीख लिहून ठेवलीय, दोन वर्षांनी परत बघायचा म्हणून, आणि त्याच्या शेजारी सासूबाईंनी हळदी-कुंकवाचं बोट लावलंय.