फर्स्टचा पास, लेडीज, भांडुप ते सीएसएमटी: महिन्याभराचा अनुभव

गुडघा कुरकुरायला लागला म्हणून आयुष्यात पहिल्यांदा लोकलच्या फर्स्ट क्लासचा पास काढला. महिना झाला, म्हणून लिहितेय.

सीट मऊ आहे. सकाळी भांडुपला ती मिळत नाही. संध्याकाळी सीएसएमटीहून मिळते. डबा एवढासा, दहा-बारा जणी टेकल्या की भरला. मोटरमन तोच, सिग्नल तेच. मग जास्तीचे पैसे कशाचे? मला विचाराल तर शेजारणीचे. सेकंडला तिघींच्या सीटवर चौथी हक्कानं टेकते, "जरा सरका गं" म्हटलं की सगळ्या सरकतात. इथे चौथीनं विचारायचं नसतं. सेकंडला उतरंड नाही असं नाही हं. वीस वर्षं तीच गाडी पकडणारीचा खिडकीवर पहिला मान, नवी असेल तिनं दादरपर्यंत उभं राहायचं. पण तिथे गाडीतली वर्षं मोजतात, इथे पर्स आणि चपला.

गेल्या शनिवारी मस्जिदहून सुकट आणि मिरच्या घेऊन चढले. साधी साडी, कापडी पिशवी. समोरची म्हणाली, "ये फर्स्ट क्लास है." म्हटलं, माहीत आहे. "पास है?" टीसी नव्हे, कोणी नव्हे, आणि मी मुकाट पास काढून दाखवला! तिच्यापेक्षा माझाच राग आला. सोमवारपासून ऑफिसचं आयकार्ड गळ्यातच ठेवते. कोणी विचारत नाही.

1974 साली रेल्वेनं थर्ड क्लास बंद केला, म्हणजे पाटी बदलून सेकंड केला. माझी आई शेवटपर्यंत "थर्डानं आले" असंच म्हणायची. आता वरच्या अंगाला नवी पायरी आलीय. 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली, पुढे आपल्या मध्यवरही आल्या. एसीची दारं मिटून ती निघाली की प्लॅटफॉर्मवरच्या फर्स्टवाल्या जणींचे चेहरे बघावेत, आम्ही सेकंडवाल्या त्यांच्याकडे बघायचो तसे.

रोजचं जाणंयेणं नसेल तर पास काढू नका. 2022 च्या मे महिन्यात फर्स्टच्या सुट्या तिकिटाचे दर जवळजवळ निम्मे झाले, पासाचे नाही. पाचपैकी तीन स्टार, तेही संध्याकाळच्या सीटसाठी.

पुढच्या महिन्याचा पास मी काढलाय. गुडघा, दुसरं काय.