बोटं द्यायला लागत नाहीत, काकू

युरोपच्या ट्रीपसाठी एजंटाला दिलेले आमचे 15,12,500 रुपये गेले. आमचे म्हणजे नऊ जणांचे. पण घरोघरी जाऊन, फोन करकरून गोळा केले मी, त्यामुळे बुडालेसुद्धा माझ्याच नावावर. मी पतसंस्थेत 27 वर्षं कॅशिअर होते. खोटी नोट बोटाला लागली की कळायची मला. हे मुद्दाम आधी लिहिते, कारण "एवढी शिकलेली बाई आणि अशी कशी फसली" हे वाक्य दीड महिन्यात इतक्या तोंडांतून ऐकलंय की तुमच्याकडून ऐकायची आता ताकद नाही.

लेक जर्मनीत एर्लांगेनला नोकरी करते, न्यूरेंबर्गजवळ. तीन वर्षं ती म्हणत होती, आई-बाबा, नाताळात या, बर्फ बघा, बाजार बघा. आम्ही दोघंच गेलो असतो तर तिने निमंत्रण पाठवलं असतं, व्हिसाचं तिनेच बघितलं असतं. पण मला हौस ना! भिशीत विषय काढला. तीन मैत्रिणी तयार झाल्या, त्यातल्या दोघींचे यजमान तयार झाले, मिरजेची नणंद आणि तिचे मिस्टर आले. झाले नऊ. सगळ्यांनी मिळून नाताळ आणि नवीन वर्ष तिकडे करायचं, परत येताना लेकीकडे दोन दिवस. या वयात पहिल्यांदाच असं काही ठरत होतं, तर आनंद झाला. त्यात चूक काय?

एजंट सांगलीतलाच. नाव लिहीत नाही, वकिलांनी लिहू नका म्हणून सांगितलंय. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. नणंद 2023 ला त्याच्याबरोबर दुबईला जाऊन आली होती आणि सगळं व्यवस्थित झालं होतं. हॉटेल चांगलं, जेवणात वरण-भात. म्हणूनच विश्वास बसला. आता समजतंय की दुबईची ट्रीप दुसऱ्या कुणाच्या तरी हप्त्यांवर झाली असणार, आणि आमच्या पैशांवर कोण कुठे फिरून आलं देव जाणे.

भाव सांगितला माणशी 1,89,000. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, 22 डिसेंबर ते 2 जानेवारी. पुण्यातल्या दोन ठिकाणी विचारलं होतं, तिथे 2,60,000 च्या खाली कोणी बोलत नव्हतं. मग हा 71,000 कमीत कसा देतो? विचारलं मी. अगदी तोंडावर विचारलं. म्हणाला, "काकू, त्यांचं ऑफिसचं भाडं तुम्ही भरता. माझं ऑफिस बघा की केवढंय!" ऑफिस खरंच टपरीएवढं होतं. पटलं.

जूनमध्ये प्रत्येकी 25,000, फर्मच्या खात्यावर, पावतीसकट. 14 ऑगस्टला "तिकीट लॉक करायला" 75,000. हे मात्र फर्मच्या खात्यावर नव्हे, एका बाईच्या बचत खात्यावर, युपीआयने, दोन-तीन दिवसांत तुकडे करून. कारण? "जीएसटी आणि टीसीएस लावला तर माणशी अठरा-एकोणीस हजार वाढतात, तुमचेच वाचवतोय." इथे मी गप्प बसले. आमच्यातलं कोणीच बोललं नाही. कर वाचतोय म्हटल्यावर सांगली जिल्ह्यात कोण बोलतं? तेव्हा मला हेही माहीत नव्हतं की परदेशी पॅकेजवरचा तो टीसीएस, म्हणजे एजंटने आपल्याकडून घेऊन सरकारात भरायचा कर (2025 मध्ये 5 टक्के होता), आपल्याच पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरलं की कर वजा होऊन उरलेला परत मिळतो. सीएंनी जानेवारीत सांगितलं. म्हणजे ते पैसे वाचतच नव्हते. वाचत होता तो, आमच्या पॅनवर नोंद होण्यापासून. तुम्ही कुणाला परदेशी ट्रीपचे पैसे भरले असतील तर आज संध्याकाळी आयकराच्या साइटवरचं 26एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडा. टीसीएसची ओळ दिसली नाही तर तिथल्या तिथे फोन करा, सणवार बघू नका.

9 ऑक्टोबरला आणखी 60,000 आणि व्हिसाचे 12,500. माणशी 1,72,500 झाले. गुणिले नऊ, 15,52,500. त्यातले 40,000 परत आले, ते पुढे सांगते. त्या 40,000 नीच आमचा घात केला.

आता तो 9 ऑक्टोबरचा दिवस. रात्री झोप लागत नाही ती या दिवसापायी.

पासपोर्ट गोळा करायला तो आमच्या घरी, विश्रामबागला आला होता. सगळे जमलो होतो. मी भडंग आणि चहा केला होता. नऊ पासपोर्ट टीपॉयवर एकावर एक ठेवलेले, त्याने त्यांना रबर लावलं. आमच्यातल्या एका मैत्रिणीची बोटं झिजलेली आहेत. आयुष्यभर हळदीच्या वखारीत काम, रेशन दुकानात तिचा अंगठा उमटत नाही, दर महिन्याला भांडण. ती घाबरत घाबरत म्हणाली, "अहो, माझा अंगठा मशीनवर येत नाही, तिकडच्या साहेबानं अडवलं तर?" तो हसला. म्हणाला, "काकू, ग्रुप व्हिसाला बोटं द्यायला लागत नाहीत. मी पासपोर्ट पाठवले की शिक्का मारून येतात." आणि सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसले. तिच्या पाठीवर थाप मारली वर.

आधारला बोटं दिली. पासपोर्टला बोटं दिली. किलोभर तांदळाला बोट देतो आपण. आणि जर्मनी म्हणे बोटाशिवाय घरात घेणार! शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, पहिल्यांदा काढणाऱ्याला स्वतः केंद्रावर जाऊन दहा बोटांचे ठसे द्यावेच लागतात, ग्रुप असो नाहीतर वरात असो. एकदा दिले की 59 महिने पुन्हा लागत नाहीत, पण आम्ही नऊच्या नऊ पहिलटकर होतो. अपॉइंटमेंट नाही, पुण्या-मुंबईची फेरी नाही, बँकेचं स्टेटमेंट मागितलं नाही, कुणाच्या सहीचा अर्ज नाही. पतसंस्थेत कुणी सहीशिवाय पैसे काढायला आला असता तर मी त्याला खिडकीपाशी उभासुद्धा केला नसता. एजंट म्हणाला ठसे लागत नाहीत, की समजायचं अर्ज गेलाच नाही. लेकीला एक फोन केला असता तर कळलं असतं.

आणि लेकीने तर जुलैतच सांगितलं होतं! त्याने पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, "27 डिसेंबर, न्यूरेंबर्गचा जगप्रसिद्ध ख्रिसमस बाजार." लेक म्हणाली, "आई, तो बाजार 24 तारखेला दुपारी बंद होतो. नाताळच्या आधीचा बाजार आहे तो, नंतरचा नाही. 27 ला तिथे रिकामा चौक असतो." मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "यंदा वाढवलाय." आणि मी, माझ्या पोटच्या पोरीला, जी तिथून वीस-पंचवीस मिनिटांवर राहते, तिला सांगितलं, "तुला काय कळतंय, त्यांचा रोजचा धंदा आहे तो." हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही. ती बिचारी काही बोलत नाही, हेच जास्त लागतं.

तिकिटांचं म्हणाल तर पीएनआर दिला होता. सहा अक्षरांचा. लेकीने विमान कंपनीच्या साइटवर टाकला, नऊ नावं दिसली, मी भिशीच्या ग्रुपवर पेढ्याचं चित्र टाकलं. नुसता पीएनआर म्हणजे जागा धरून ठेवलेली, गाडीत रुमाल टाकतात तशी. पैसे भरून तिकीट निघालं की 13 आकडी नंबर मिळतो, तो मागा. नोव्हेंबरच्या शेवटी तोच पीएनआर टाकला तर "असं बुकिंग नाही". तो म्हणाला, विमानाची वेळ बदलली, नवीन येईल.

डिसेंबरचं थोडक्यात सांगते. 11 तारखेपर्यंत "एम्बसीत गर्दी आहे". 15 ला फोन बंद. 16 ला ऑफिसला कुलूप, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला तुम्ही चौथे. आमचे हे आणि नणंदेचे मिस्टर शोधत शोधत त्याच्या मेव्हण्याच्या गावी गेले, तिथे कॅरीबॅगेत आमचे नऊ पासपोर्ट मिळाले. माझंच रबर. हो, माझं, ते मी स्वयंपाकघरातून आणून दिलं होतं. कोथिंबिरीच्या जुडीचं हिरवं रबर, जसंच्या तसं. पासपोर्ट त्यातून निघालेच नव्हते.

18 ला माझ्या खात्यावर 40,000 आले. मेसेज, "काकू, बाकीचे टप्प्याटप्प्याने." मग पुन्हा फोन बंद.

19 ला पोलीस ठाण्यात गेलो. आता ऐका.

आधी दोन तास बाकावर. मग विचारलं, "तुम्ही स्वतःच्या हातानं पैसे दिले का?" हो. "मग चोरी कुठंय?" आम्ही म्हटलं, चोरी नाही हो, फसवणूक. "त्यानं 40,000 परत दिलेत म्हणजे द्यायची नियत आहे. ही दिवाणी बाब झाली. कोर्टात जावा." तेव्हा कळलं ते 40,000 कशाला पाठवले होते. हे त्याचं पहिलंच प्रकरण नसणार, नाहीतर इतकं अचूक सुचत नाही. तुमच्याकडे असे तुकडे आले तर त्याच मिनिटाला लेखी उत्तर टाका की ही एकूण अमुक रकमेपैकी अंशतः परतफेड आहे, तक्रार कायम आहे.

मग हद्द. नणंद मिरजेची, तिची तक्रार मिरजेत द्या. ती बचत खात्याची बाई कोल्हापूरची, तिकडे द्या. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होते असं ह्यांनी सांगितलं तर साहेब म्हणाले, "मोबाईलवर वाचून येता होय?" 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिथली मुलगी चांगली बोलली, पण ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये गेलेले पैसे आता खात्यात कसे थांबवणार? 1930 चा उपयोग पैसे गेल्या गेल्या, तासा-दोन तासांत. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. पुन्हा ठाण्यात. आता रक्कम मोठी आहे, आर्थिक गुन्हे शाखेकडे जावा. तिकडे गेलो तर, आधी ठाण्यात अर्ज द्या. पुन्हा ठाण्यात, तर महापालिका निवडणुकीचा बंदोबस्त, माणूस नाही. निवडणूक झाली, तर तपासी अंमलदार रजेवर. अर्जाची पोच मागितली तर म्हणाले, शिक्का आत आहे. शिक्का आत, साहेब बाहेर! एका कॉन्स्टेबलने हळूच विचारलं, "काकू, जर्मनीत काय ठेवलं होतं एवढं?" मी त्याच्या आईच्या वयाची आहे.

पूर्वी चारशेवीस म्हणायचे, आता भारतीय न्याय संहितेत ते 318 झालंय. आकडा बदलला, बाकडं तेच. नव्या कायद्यात तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात प्राथमिक चौकशी करायची असेल तर तीसुद्धा 14 दिवसांत संपवायची आहे. आज 48 दिवस झाले. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर अर्ज पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173 मध्ये आहे. आम्ही स्पीड पोस्टाने पाठवलाय, पोचपावती जपून ठेवलीय. निदान पोस्टाचा शिक्का तरी बाहेर असतो.

ग्राहक आयोगात मात्र नऊ जणांच्या नऊ वेगळ्या तक्रारी करतोय. प्रत्येकाची रक्कम 5 लाखांच्या आत, म्हणून फी नाही. मुदत दोन वर्षं. युपीआयचे स्क्रीनशॉट पुरत नाहीत, बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट काढा. आणि व्हॉट्सॅपवरचा एकही मेसेज रागाच्या भरात डिलीट करू नका. आमच्या नणंदेच्या मिस्टरांनी केला, सगळा. त्यावरून त्यांच्या घरी जे झालं ते लिहीत नाही.

भिशी मोडली. तसं कोणी म्हटलं नाही, पण जानेवारीत कुणाकडेच ठरली नाही. ज्या मैत्रिणीचा अंगठा उमटत नाही तिने मात्र येऊन सांगितलं, "माझे पैसे तू मागू नको आणि देऊही नको, चहा टाक." बाकी दोघी बाजारात दिसल्या की भाजी निवडायला लागतात. मी माझ्या पेन्शनीतून सगळ्यांना थोडं थोडं देणार म्हटलं तर हे चिडले. सांगलीकरांना पैसे बुडायची सवय आहे म्हणा, बँका बुडाल्या तशा ट्रीपा बुडाल्या. पण बँक मी काढली नव्हती. ही ट्रीप मी काढली होती.

24 डिसेंबरला लेकीचा व्हिडिओ कॉल आला. इथे दिवेलागण झाली होती, तिकडे दुपारचे दोन. मी दाखवू नको म्हणत असताना तिच्या मागे ते लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे स्टॉल दिसले, माणसं फळ्या लावत होती. खरंच बंद होत होता बाजार. तिच्यासाठी केलेलं सहा किलो भडंग डब्यात होतं, ते मी वाटूनही टाकलं नाही. मऊ पडलं.

परवा कुणीतरी फॉरवर्ड केलं. नवीन नंबर, नवीन नाव, ऑफिस आता दुसऱ्या तालुक्यात, पण खालचं बचत खातं त्याच कोल्हापूरच्या बाईचं. "चारधाम, मे 2026, बुकिंग फक्त 5,000." त्या खात्यावर तुमच्यापैकी कुणी 5,000 भरले असतील तर पुढचा हप्ता भरू नका. आणि तुमच्या पावत्या घेऊन आमच्याकडे या. नऊच्या जागी वीस अर्ज गेले तर शिक्का बाहेर येतो का बघू.