धूळ मोजायची की ओळखायची?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागाकडच्या एखाद्या सोसायटीने किंवा कॉलेजने हवा तपासायला पैसे बाजूला काढले, की लगेच यंत्रांच्या किमतींवर चर्चा सुरू होते. आधी प्रश्न ठरवा. ‘हवा कधी बिघडते’ आणि ‘ही धूळ कशाची’ हे वेगळे प्रश्न आहेत.

पहिल्यासाठी लेझरचा छोटा सेन्सर पुरतो. काही हजारांत मिळतो, मिनिटामिनिटाचा आकडा देतो. द्वारका चौकात संध्याकाळी हवा नेमकी किती वाजता बिघडते, हे त्याच्याइतकं स्वस्तात कुणी सांगणार नाही. पण कण कशाचा, हे त्याला कळत नाही. ०.३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण त्याला जवळपास दिसत नाहीत, आणि डिझेलची काजळी बरीचशी त्याहून बारीक असते. पावसाळ्यात दमट हवेने कण फुगले, की आकडाही फुगतो.

दुसऱ्या टोकाला एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला कणांची वाफ करून सल्फेट, नायट्रेट, अमोनियम, सेंद्रिय पदार्थ तो जागच्या जागी वेगळे दाखवतो. संशोधनाला अप्रतिम, किंमत कोटीच्या घरात. मात्र माती, सिमेंट, काजळी यांची त्या तापमानाला वाफच होत नाही. उखडलेल्या रस्त्यांची धूळ खाणाऱ्या आपल्या शहरात एवढे पैसे घालून तीच धूळ दिसणार नसेल, तर मी तरी हे यंत्र सुचवणार नाही.

धुराचाच प्रश्न असेल तर एथॅलोमीटर बघा, म्हणजे काजळी किती प्रकाश शोषते ते मोजणारं यंत्र. लाकूड-पाचटाचा धूर अतिनील प्रकाश जास्त शोषतो, त्यावरून तो डिझेलच्या काजळीपासून वेगळा काढता येतो. निफाडकडे थंडीत द्राक्षबागा वाचवायला शेकोट्या पेटतात, तिथे याचा खरा उपयोग.

बाकी सगळ्यांना मी फिल्टरच सांगेन, म्हणजे त्यावर धूळ गोळा करून ती प्रयोगशाळेत तपासायची. पंप मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे दिवसभरात २४ घनमीटर. पीएम २.५ ची, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. हवा नेमकी त्या मर्यादेवर असली, तरी फिल्टरच्या ४७ मिलिमीटरच्या चकतीवर जेमतेम दीड मिलिग्रॅम धूळ बसते. तेवढ्यातूनच प्रयोगशाळा सिलिकॉन-ॲल्युमिनियमवरून माती, सल्फेटवरून कोळशाचा वाटा, पोटॅशियमवरून जाळलेला पालापाचोळा ओळखते. उत्तराला काही आठवडे लागतात, आणि एका दिवसाच्या नमुन्यावर काही ठरत नाही. हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही धरा.

कोटेशन मागवताना टेफ्लॉन आणि क्वार्ट्झ असे दोन फिल्टर एकाच वेळी चालवायला सांगा. टेफ्लॉनवर धातू मोजतात, पण त्यात स्वतःचाच कार्बन असतो, म्हणून काजळीसाठी क्वार्ट्झ लागतोच.